मुनवे, मावा आणि उणे १९६ अंश



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याजवळ फुटणारं लागवडीचं रोप, कसा निवडायचा हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा घ्यायचा, रुंद पानांचा टाकायचा, हे इथल्या शेतकऱ्याच्या बोटांना ठाऊक असतं. म्हणून मुनव्यापासूनच बोलावं असं ठरवलं. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘गोठवून जतन : पीकवाण आणि पीक-आरोग्य’. जळगावात, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, उणे १९६ अंशांबद्दल बोलायचं म्हणजे श्रोत्यांना नुसत्या आकड्यानेच थंडावा द्यायचा प्रकार! पण हसून सोडून द्यावा असा विषय नाही. का नाही, ते सांगतो.

सुरुवात जळगावातून करत नाही, हाइलपासून करतो. सौदी अरेबियाच्या उत्तर भागातलं हे शहर. एका अंगाला अजाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला सलमाचे, आणि उत्तरेला नफूदचं वाळवंट. आपल्याकडच्या जुन्या पिढीने हातिमताईच्या गोष्टी वाचल्या असतील. तो हातिम याच मुलखातला. शहराची उंची समुद्रसपाटीपासून हजारएक मीटर, त्यामुळे हिवाळ्यात रात्री हाडं गोठवणारी थंडी. या हाइलच्या भोवती गेल्या शतकाच्या शेवटी एक नवल घडलं. वाळवंटात गव्हाची गोल गोल शेतं उभी राहिली. मधोमध विहीर, तिच्याभोवती फिरणारा लांबलचक पाण्याचा दांडा, आणि तो फिरेल तेवढं वर्तुळ हिरवं. पाणी कुठलं? हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं, पुन्हा भरून न येणारं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सौदी अरेबिया जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांमध्ये मोजला जात होता. वाळवंटातून गहू निर्यात! मग हिशेब समोर आला. २००८ मध्ये सरकारने गहू खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये ती थांबवली. पाण्याचा हा धडा आपल्या रावेर-यावलच्या बोअरवेलवाल्यांनीही ऐकून ठेवावा, पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय असा, की त्या लाटेत मागे काय पडलं? हाइल-कसीम पट्ट्यात लुगैमी नावाचा जुना गहू होता, घरच्या जरीशसाठी, म्हणजे भरडलेल्या गव्हाच्या पदार्थासाठी. त्याच्यासारखे स्थानिक वाण कोपऱ्यात गेले. तरी गव्हाचं एक बरं असतं. बी वाळवा, ओल पाच-सहा टक्क्यांवर आणा, हवाबंद पाकिटात घाला, उणे १८ अंशांत ठेवा. पिढ्यान् पिढ्या राहतं. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात, नागली यांचं देशी बियाणं जपलं. पद्मश्री मिळाली त्यांना. मडकं, राख आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर काम उभं राहिलं. कारण ते बी होतं.

पण हाइलचा खजूर? तिथला ‘हिलवा’ खजूर त्या प्रदेशाची शान. त्याचं काय करायचं? खजुराला बी असतं, ते तुम्ही उपासाच्या दिवशी थुंकून टाकता. ते उगवतंही. इस्रायलमध्ये मसाडाच्या किल्ल्यात सापडलेली जवळपास दोन हजार वर्षांची खजुराची बी २००५ मध्ये रुजवली, तिचं झाड झालं. मग अडचण काय? अडचण अशी की हिलवाची बी पेरली तर हिलवा येत नाही. निम्मी झाडं नर निघतात. उरलेल्या माद्यांची फळं आईसारखी नसतात, आणि ती कशी आहेत हे कळायलाच पाच-सात वर्षं जातात. म्हणून खजुराची लागवड हजारो वर्षं बुंध्याजवळ फुटणाऱ्या मुनव्यांवर चालली. एकेक मुनवा दहा-वीस किलोचा, आणि एक झाड उभ्या आयुष्यात देणार ते दहा-वीसच.

आता केळी पाहा. खजुराला निदान बी तरी आहे. आपल्या खायच्या केळीला तेही नाही. सालीच्या आत जे काळे ठिपके दिसतात ती बियांची नुसती खूण. म्हणजे बसराई असो, राजेळी असो, लाल वेलची असो, त्यांची बियाणे बँक होऊच शकत नाही. मडकंही उपयोगी नाही आणि उत्तर ध्रुवाजवळची स्वालबार्डची तिजोरीही उपयोगी नाही. २००८ मध्ये उघडलेल्या त्या तिजोरीत जगभरची बियाणी आहेत, केळीचे मुनवे नाहीत. ऊस, हळद, आलं, बटाटा, रताळं, सगळ्यांची कमीअधिक हीच गत. जे पीक कंदावर, कांडीवर, मुनव्यावर चालतं, त्याचा वाण जपायचा तर दरवर्षी शेतात लावत राहायचं. एक वर्ष चुकलं, एक पूर आला, एक रोग आला, की संपलं.

आणि रोगाचं काय? इथून पुढे जरा लक्ष देऊन ऐका, कारण इथे खजूर आणि केळी एकाच वाटेने चालतात.

आपल्या कोकणातला नारळवाला सोंड्या भुंग्याला चांगला ओळखतो. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा. त्याची अळी खोडात शिरून आतल्या आत गाभा खाते. बाहेरून झाड धडधाकट दिसतं आणि एके दिवशी शेंडा कोसळतो. हा भुंगा मूळचा आपल्या दक्षिण आणि आग्नेय आशियाचा. १९८० च्या दशकात तो आखातात पोहोचला, आणि १९८७ मध्ये सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर कतीफला त्याची नोंद झाली. तिथून तो देशभर पसरला. स्वतःच्या पंखांवर किती उडणार तो? त्याला माणसांनी नेलं. मुनव्यातून नेलं. चांगल्या जातीचा मुनवा म्हणून भाऊबंदांनी एकमेकांना प्रेमाने दिला आणि पोटात अळी घेऊन तो नव्या बागेत गेला.

आपल्याकडे तेच मावा ही बारीक कीड आणि ती पसरवत असलेला विषाणू करतात. सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. आपण त्याला हरण्या म्हणतो. पानावर पिवळे पट्टे, पोंगा सडलेला, घड निसवतच नाही, निसवला तर वेडावाकडा. रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या शेतकऱ्यांनी गेल्या काही पावसाळ्यांत कोवळी मृगबाग मुळासकट उपटून बांधावर फेकली आहे. दुसरा इलाजच नाही. औषध फवारून मावा मरेल, झाडातला विषाणू मरत नाही. काकडी, भोपळा, टोमॅटो आसपास लावू नका, असं कृषी विभाग सांगतो ते याच माव्यासाठी. पण मूळ रोपातच विषाणू असेल तर? तर तुम्ही माव्याची वाट कशाला पाहता, पैसे मोजून रोग विकत आणलात की!

तेव्हा प्रश्न दोन. वाण कसा टिकवायचा? आणि तो निरोगी कसा ठेवायचा? आजवर आपण हे दोन वेगळे प्रश्न समजत होतो. पहिला शास्त्रज्ञांचा, दुसरा शेतकऱ्याचा. गोठवण्याचं तंत्र या दोन्हींना एकाच वेळी हात घालतं, म्हणून मी त्यावर बोलतोय.

द्रवरूप नायट्रोजन. तापमान उणे १९६. नाव ऐकून दचकू नका, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गोठ्यात तो येऊन गेलाय. गाय माजावर आली की डॉक्टर किंवा कृत्रिम रेतनवाला कर्मचारी मोटारसायकलवर जो कॅन बांधून आणतो, झाकण उघडल्यावर ज्यातून पांढरी वाफ जमिनीकडे उतरते, तो हाच. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ या संस्थेची स्थापना केली, आणि पुढे गोठवलेलं वीर्य खेड्यापाड्यांत पोहोचवून दाखवलं. त्यामागचा शोध आधीचा : १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की ग्लिसरीन मिसळलं तर कोंबड्याचं वीर्य गोठूनही जिवंत राहतं. शोध लागला तोही बाटल्यांच्या लेबलांच्या घोटाळ्यातून! ते ग्लिसरीन लक्षात ठेवा, केळीतही तेच येणार आहे.

अडचण पाण्याची असते. जिवंत पेशीत पाणी भरलेलं. ते सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक होतात, त्यांच्या कडा पेशीच्या पडद्याला फाडतात. डीप फ्रीझरमधून काढलेलं केळ कसं लिबलिबीत होतं, पाहिलंय ना? तेच ते. मग करायचं काय? पेशीतलं पाणी आधी काढून घ्यायचं, उरलेल्या द्रवाचा पाक इतका दाट करायचा, आणि इतक्या झपाट्याने थंड करायचं, की स्फटिक व्हायला वेळच मिळू नये. पाणी मग बर्फ न होता काचेसारखं घट्ट होतं. जपानमध्ये अकिरा साकाई या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवलं, की हिवाळ्यात थंडीला सरावलेली तुतीची फांदी द्रव नायट्रोजनमधून बाहेर येऊनही फुटते. त्याच साकाईंच्या गटाने १९९० मध्ये एक द्रावण बनवलं, जे आज जगभर वापरतात. त्यात तीस टक्के ग्लिसरीन, पंधरा टक्के इथिलीन ग्लायकॉल, पंधरा टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड, आणि साखर.

केळीवर हे कसं करतात? बाटलीत वाढवलेलं टिश्यू कल्चरचं रोप घ्यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पान सोलत आत जायचं. शेवटी राहतो तो वाढीचा शेंडा, जेमतेम मिलिमीटरभर, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तो त्या दाट द्रावणात, बर्फावर, अर्धा-पाऊण तास. मग ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या पट्टीवर द्रावणाचा एक थेंब, थेंबात शेंडा, आणि पट्टी थेट नायट्रोजनमध्ये. चर्र असा आवाज होतो आणि शेंड्यातली सगळी हालचाल थांबते. वाढ नाही, श्वास नाही, म्हातारपण नाही. परत काढायचा तर पट्टी साखरेच्या पाण्यात बुडवायची, काही दिवस अंधारात ठेवायचं, आणि वाट पाहायची. सगळे जगत नाहीत. जगतात त्यांतून पुन्हा तेच झाड उभं राहतं. तेच म्हणजे तंतोतंत तेच. टिश्यू कल्चरमध्ये वर्षानुवर्षं बाटल्या बदलत राहिलं की जी ‘ऑफ टाइप’ झाडं निघतात, ती भानगड इथे टळते, कारण थांबलेल्या पेशीत बदल व्हायला सवडच नसते.

बेल्जियममध्ये लूवेन विद्यापीठात १९८५ पासून केळीचा जागतिक संग्रह आहे. दीड हजारांहून अधिक नमुने, त्यांतले हजाराहून अधिक याच पद्धतीने गोठवलेले, आणि त्यांची दुसरी प्रत फ्रान्समध्ये माँपेलियेला. ज्या देशात केळीचं एक झाड उघड्यावर पिकत नाही तिथे! खजुराच्या ऊती गोठवून त्यातून पुन्हा रोपं मिळवल्याचं अमेरिकेत १९८१ मध्येच सिद्ध झालं होतं. पुढे सौदीतच अल-अहसाच्या किंग फैसल विद्यापीठात त्यावर काम झालं. आपल्या देशातही दिल्लीला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची क्रायो बँक आहे, त्रिचीला केळी संशोधन केंद्र आहे. म्हणजे तंत्र परकं नाही, माणसंही आहेत.

आता आरोग्याकडे येतो. मला स्वतःला या विषयातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. शेंड्याच्या अगदी टोकाशी ज्या पेशी असतात त्या बारीक, घट्ट, पाणी कमी असलेल्या. त्यांच्यापर्यंत झाडाच्या नळ्या अजून पोहोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणूही फारसा पोहोचलेला नसतो. त्यांच्या खालच्या पेशी मोठ्या, पाण्याने फुगलेल्या, आणि विषाणू असतो तो त्यांच्यात. हे सगळं नायट्रोजनमध्ये बुडवलं की काय होतं? फुगलेल्या पेशी फुटून मरतात. बारीक पेशी जगतात. रोगट भाग थंडीने आपोआप छाटला जातो! २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केळीच्या रोगट झाडांचे शेंडे असे गोठवले, तेव्हा स्ट्रीक नावाचा केळीचा दुसरा विषाणू सुमारे नव्वद टक्के झाडांतून गेला, आणि आपला हा सीएमव्ही सुमारे तीस टक्के झाडांतून.

तीस! नव्वद आणि तीस यांतला फरक विसरू नका. उद्या कुणी तुम्हाला ‘गोठवलेलं, म्हणून विषाणूमुक्त’ असं सांगून रोप विकायला आला, तर त्याला हा तीसचा आकडा ऐकवा. शंभरातली सत्तर झाडं विषाणू घेऊनच बाहेर आली. म्हणजे गोठवल्यानंतर प्रत्येक झाडाची तपासणी करायची, निरोगी निघेल तेच मातृवृक्ष म्हणून ठेवायचं, बाकीची जाळायची. शिवाय ज्या केळींमध्ये बाल्बिसियाना या रानटी केळीचं रक्त आहे, त्यांच्यात स्ट्रीक विषाणूची प्रत झाडाच्या गुणसूत्रातच विणलेली असते. ती कुठल्याही थंडीने निघत नाही. विज्ञानाची मर्यादा विज्ञानानेच सांगितलेली बरी, नाहीतर ती विक्रेत्याच्या सोयीने सांगितली जाते.

पण प्रवासाचा प्रश्न मात्र इथे बऱ्याच अंशी सुटतो. मिलिमीटरभर शेंड्यात सोंड्या भुंग्याची अळी मावत नाही. सूत्रकृमी नाही, माती नाही, मातीतली मर नाही. १९२७ मध्ये वॉल्टर स्विंगल या अमेरिकन शास्त्रज्ञाने मोरोक्कोतून मेडजूल खजुराचे अकरा मुनवे नेले, कारण तिकडे बायूद नावाची मर बागाच्या बागा खात होती. ते मुनवे नेवाडाच्या रखरखीत भागात, दुसरं खजुराचं झाड नाही अशा जागी, वर्षानुवर्षं विलगीकरणात ठेवले. अकरातले नऊ जगले. आज अमेरिकेतला मेडजूल त्या नवांचा वंश. नऊ झाडांवर अमेरिकेतली सगळी मेडजूल उभी राहिली! ते नऊही गेले असते तर? त्या काळी गोठवून ठेवलेली दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज ठेवता येते.

आणि प्रत एकाच जागी ठेवूनही चालत नाही. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेची मोठी बियाणे बँक होती, गहू, जव, मसूर, हरभऱ्याची. युद्ध पेटलं, संस्थेला तिथून निघावं लागलं. पण त्याआधी प्रती स्वालबार्डला पाठवलेल्या होत्या; २०१५ मध्ये त्या परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा लावल्या. युद्ध, पूर, आग, यांचं सोडा, नायट्रोजन तर रोज थोडाथोडा उडून जातो. टाकी भरणारा माणूस ती भरायला विसरत गेला, तर सगळं संपेल. अशा गोठवणाऱ्या बँकेला पैशापेक्षा सवयीची गरज जास्त, आणि सरकारी कारभारात नेमकी तीच दुर्मीळ, हे मी या मंचावरून स्पष्ट बोलतो.

एक शंका नेहमी विचारली जाते, आणि ती रास्त आहे. गोठवून ठेवलेला वाण शेतातल्या वाणासारखा बदलत्या हवामानाशी जुळवून घेईल का? नाही घेणार. तो जसा होता तसाच राहील. वसईच्या राजेळीचा शेंडा टाकीत राहील, पण तिची सुकेळी कशी करायची, किती दिवस वाळवायची, हे टाकीत राहणार नाही. म्हणून मी शेत बंद करा, टाकी उघडा, असं म्हणत नाही. टाकी ही शेवटची प्रत आहे. पहिली प्रत बांधावरच हवी.

मग आपल्या बांधावर काय आहे? एकेकाळी बसराई, हरिसाल, मुठेळी, लाल वेलची, सफेद वेलची. आज नजर जाईल तिथे टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. तिने पैसा दिला, हे खोटं कशाला म्हणू? २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण एकाच कुळाच्या केळीवर जिल्हा उभा असताना ग्रो मिशेलची गोष्ट विसरता येत नाही. जगभर विकली जाणारी ती केळी पनामा मर रोगाने १९६० च्या सुमारास बाजारातून गेली आणि तिच्या जागी आपली कॅव्हेंडिश, म्हणजे ग्रँड नैनचंच कूळ, आली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाच धरतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात आलेला आहे. प्रतिकार कुठून शोधणार? ज्या जातींना आज भाव नाही, त्यांच्यातूनच. म्हणून माझं म्हणणं उलट आहे: जे विकलं जातं ते गोठवायची घाई करू नका, त्याची काळजी कंपन्या घेतील. जे विकलं जात नाही ते आधी गोठवा.

शेवटी दोन मागण्या करतो आणि थांबतो.

पहिली, मंचावर बसलेल्या लोकप्रतिनिधींकडे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये रोगमुक्त लागवड साहित्यासाठी ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रम मंजूर केला, सुमारे १,७६६ कोटी रुपयांचा. त्यात महाराष्ट्राला तीन केंद्रं मिळाली : पुण्याला द्राक्षासाठी, नागपूरला संत्र्यासाठी, सोलापूरला डाळिंबासाठी. तिन्ही हवीतच. पण देशाला केळी पुरवणाऱ्या जिल्ह्यासाठी केळीचं केंद्र नाही. ते मागा. तपासणीची प्रयोगशाळा, मातृवृक्षांची जाळीघरं आणि नायट्रोजनची टाकी, तिन्ही एकाच आवारात मागा.

दुसरी, तुमच्याकडे. कुणाच्या विहिरीजवळ, मळ्याच्या कोपऱ्यात, आजोबांनी लावलेलं एखादं बेट अजून उभं असेल. मुठेळीचं असेल, हरिसालचं असेल, नावही ठाऊक नसेल. ठिबकची नळी टाकायला ते आड येतं म्हणून या उन्हाळ्यात ते काढायचा विचार असेल, तर थोडं थांबा. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र अकोल्याला आहे, इथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या आत पोहोचता येतं. त्यांना कळवा, झाड दाखवा, आणि ते मुनवा नेईपर्यंत बेटाला पाणी देत राहा.